मान खाली घातली म्हणून चोर ठरवू नका

कपाटातली ५०० रुपयांची नोट सापडत नाही. सकाळी सालगड्याचा पोरगा घरात येऊन गेलेला. तुम्ही त्याला समोर उभे करता, आवाज चढवता. पोरगा मान खाली घालतो, त-त-प-प करतो. झाले! ‘बघा, नजरेला नजर देत नाही. यानेच घेतली.’ सगळ्यांचे एकमत होते. संध्याकाळी नोट तुमच्याच सदऱ्याच्या खिशात सापडते. पण पोराला लागलेला डाग?

वाचकहो, खोटे बोलणारा नजर चुकवतो, असे आपल्याच गावात नव्हे, जगभर मानतात. ५८ देशांतील लोकांना विचारले, तेव्हा हेच उत्तर सर्वांत जास्त आले. ती पाहणी २००६ सालची. पण अमेरिकेतील बेला डिपाउलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अशा दीडशेच्या वर खुणा पडताळून पाहिल्या. नजर चुकवणे आणि खोटे बोलणे यांचा मेळ काही बसला नाही. २००६ साली २४ हजारांवर लोकांच्या अंदाजांचा हिशेब झाला. खरे-खोटे ओळखण्यात ते शंभरात ५४ वेळा बरोबर ठरले. नाणे उडवले तरी ५० वेळा बरोबर येते!

कारण साधे आहे. भ्यालेल्या खऱ्या माणसालाही घाम फुटतो. शिवाय थोरांपुढे नजर खाली ठेवावी, हे आपणच मुलांना शिकवतो. उलट मुरलेला ठक डोळ्याला डोळा भिडवून गोड बोलतो.

मग ओळखावे कसे? चेहरा सोडा, बोलणे धरा. रचलेल्या हकिकतीत बारीकसारीक तपशील कमी असतात आणि धागे नीट जुळत नाहीत. समजा, व्यापारी म्हणाला, ‘तुमचा कांदा खराब निघाला, भाव मिळाला नाही.’ तर भांडू नका. आधी त्याला बोलू द्या. मग शांतपणे विचारा, किती गोण्या बाद झाल्या? वजन कुठल्या काट्यावर झाले? माल कोणी घेतला? त्यानंतर हिशेबपट्टी मागा आणि त्या दिवसाचा भाव बाजार समितीत विचारून घ्या. पडताळता येईल असेच विचारा, आणि पडताळून पाहा.

घरातही हाच नियम. आधी खिसे, डबे, गाद्या पाहा. पुरावा हाती येईपर्यंत कोणाचे नाव तोंडातून काढू नका. आणि रागाच्या भरात आळ घेतलाच असेल, तर ज्या चौघांसमोर घेतला, त्याच चौघांसमोर त्या पोराला सांगा, ‘बाळा, चूक माझी होती.’