दिवाळ्यानंतरची पत



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वसंत ऋतू, संध्याकाळची मोकळी हवा, आणि वक्त्याने बोलावयाचे ते दिवाळखोरीवर! परंतु ज्या गोष्टीविषयी माणसे स्वतःच्या घरातदेखील दबक्या आवाजात बोलतात, तिच्याविषयी वर्षातून एकदा तरी चारचौघांत उघडपणे बोलले पाहिजे, असे मला वाटते. धंदा बसणे, कर्ज थकणे, बँकेची नोटीस दारावर लागणे, हे प्रसंग चांगल्या माणसांवरही येतात. त्यानंतर उठावयाचे कसे, हा आजचा प्रश्न आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. १८०८ साली मुंबईत गुजराती आणि मराठी भाषांवरचे ड्रमंड नावाच्या इंग्रजाचे एक पुस्तक छापले गेले. त्यात त्याने एक चाल नोंदवून ठेवली आहे. व्यापारी बुडाला, की तो आपल्या घरात वा दुकानात मोठा दिवा पेटवून ठेवी आणि काही काळ दृष्टीआड होई. हिशेब उघड झाले, उरलेल्या मालमत्तेची वाटणी झाली आणि धनकोंचे समाधान झाले, की तो परत येई. 'दिवाळे' हा शब्द या दिव्यावरूनच आला, असे काही म्हणतात. व्युत्पत्तीविषयी पंडितांत एकमत नाही, तेव्हा मीही आग्रह धरीत नाही. पण त्या चालीतली एक गोष्ट मोलाची आहे. परत येणे हा त्या चालीचाच भाग होता. दिव्यानंतर हिशेब, आणि हिशेबानंतर पुन्हा पेढी. आपण मात्र दिवा तेवढा लक्षात ठेवला आणि परतीची वाट विसरलो.

ही परतीची वाट कायदा दाखवील, अशी पुष्कळांची समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. कायदा कर्ज पुसू शकतो, पत देऊ शकत नाही. आपल्याच इतिहासातला दाखला घ्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेनासा झाला. आपल्या खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी पत फुगली आणि सावकाराने हात सैल सोडला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्जे तेवढी उरली. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा उसळला. लोकांनी सावकारांची खते आणि रोखे हिसकावून जाळले. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कोर्टाला व्याज तपासण्याचा, हिशेब नव्याने मांडण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे खरे. परंतु सावकाराने हात आखडता घेतला. जुने ओझे हलके झाले आणि नवे बियाणे घ्यावयास पैसा मिळेना. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, तो हीच पोकळी भरून काढावी म्हणून. ज्याला शेजारी ओळखतात त्याला शेजाऱ्यांच्या पेढीने कर्ज द्यावे, अशी त्यामागची कल्पना होती.

म्हणजे पत कशी बनते पाहा. ती माहितीवर उभी राहते. हा मनुष्य शब्द पाळतो की नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असावे लागते. पूर्वी ते गावाला तोंडपाठ असे. आज ते एका मोठ्या चोपडीत नोंदले जाते, एवढाच फरक. २००० साली मुंबईत 'सिबिल' ही पतमाहिती कंपनी निघाली, २००५ साली अशा कंपन्यांसाठी कायदा झाला, आणि आज अशा चार कंपन्या देशात आहेत. आपण कोणते कर्ज घेतले, हप्ता कोणत्या महिन्यात किती दिवस चुकला, हे बँका या कंपन्यांना कळवितात. त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक आकडा निघतो. साधारणपणे ७५० च्या वर तो असला की बँका समाधानी असतात.

आता बुडालेल्या माणसाने काय करावे? त्याने प्रथम आपली स्थिती नेमकी काय आहे ते पाहावे. 'माझे दिवाळे निघाले' असे आपण सहज म्हणतो, पण त्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार थकबाकीचा. नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की बँक ते खाते बुडीतकडे झुकलेले मानते. दुसरा प्रकार तडजोडीचा. बँकेने काही रक्कम सोडली आणि उरलेली घेऊन प्रकरण मिटविले. यात मनुष्य मोकळा होतो, पण चोपडीत 'पूर्ण फेड' असा शेरा न पडता 'तडजोड' असा पडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे तडजोडीनंतर किमान बारा महिने ती बँक त्या माणसाला नवे कर्ज देऊ शकत नाही. शेतीकर्जाला मात्र ही बारा महिन्यांची अट नाही. तेव्हा शक्य असेल तर पूर्ण फेड करावी, आणि काहीही केले तरी थकबाकी नसल्याचा लेखी दाखला बँकेकडून घेतल्यावाचून उठू नये.

तिसरा प्रकार खऱ्या नादारीचा, म्हणजे कोर्टातला. २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता झाली. परंतु व्यक्तींविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. आपल्या जिल्ह्यातल्या साध्या माणसासाठी १९२० चा प्रांतिक नादारीचा कायदाच पुढे चालू राहिला. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. नादार ठरल्यापासून कोर्टाकडून मुक्तता मिळेपर्यंत जी मिळकत हाती येईल तीही धनकोंच्या वाटणीला जाते. आणि मुक्ततेपूर्वी, आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून पन्नास रुपये वा त्याहून अधिक उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रक्कम शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण तिच्यातले तत्त्व जुने झालेले नाही. म्हणून नादाराने आधी मुक्ततेचा अर्ज करावा. पत उभारण्याचा विचार त्यानंतरचा.

इतके झाल्यावर प्रश्न येतो तो असा, की ज्याच्या नावावर डाग आहे त्याला कोणी कर्ज देत नाही, आणि कर्जच नाही तर ते वेळेवर फेडून दाखवावयाचे कसे? या कोड्याचे एक साधे उत्तर म्हणजे ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड. आपल्या दीपनगरात हे समजावून सांगणे सोपे आहे. येथे वीज तयार होते. आणि वीज घरात घ्यावयाची तर ग्राहकाला सुरक्षा ठेव भरावी लागते, हे आपण सारे जाणतो. तसेच हे. समजा, एका गृहस्थाने बँकेत पंचवीस हजारांची मुदत ठेव ठेवली. तिच्यावर बँकेने आपला बोजा चढविला आणि वीस हजारांच्या मर्यादेचे कार्ड दिले. ठेवीवर व्याज चालू राहते. बँकेला धोका नाही, म्हणून जुना डाग असूनही ती असे कार्ड देण्यास पुष्कळदा तयार होते. परंतु चोपडीत नोंद होते ती खऱ्या कर्जाची व्हावी तशीच.

आता त्या गृहस्थाने करावे काय? घरात जो किराणा आणि जे विजेचे बिल एरवी रोखीने दिले असते, तेवढेच कार्डावर द्यावे. महिन्याला तीन हजार म्हणा. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहावे, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. महिन्याच्या पाच तारखेला हिशेब निघाला आणि तेवीस तारीख मुदतीची असली, तर वीस तारखेलाच पूर्ण रक्कम भरून टाकावी. मी पुन्हा सांगतो, पूर्ण रक्कम. बिलावर एक लहान आकडा छापलेला असतो, 'किमान देय'. तेवढा भरला तर थकबाकीचा शेरा पडत नाही, हे खरे. परंतु उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते.

हे व्याज किती, तेही पाहू. महिन्याला साडेतीन टक्के हा दर कार्डांच्या बाबतीत नवलाचा नाही. दहा हजार रुपये वर्षभर मागे राहिले, तर सरळ हिशेबानेच ४,२०० रुपये व्याज झाले. त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे ७५६. एकूण ४,९५६. इकडे पंचवीस हजारांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी मिळाले १,७५०. म्हणजे ठेवीचे व्याज खाऊन वर तीन हजारांहून अधिक पदरचे गेले. आणि कार्डावर यंत्रातून रोख रक्कम काढणे तर सर्वांत वाईट; तेथे काढल्या दिवसापासून व्याज चढते. ज्या कार्डाने पत उभी करावयाची, तेच असे वापरले तर दुसरे दिवाळे काढील.

नीट वापर केला तर फळ केव्हा मिळेल? येथे उतावीळपणा कामाचा नाही. वाईट नोंदी चोपडीत किमान सात वर्षे ठेवाव्यात असा नियम आहे. अमेरिकेत दिवाळखोरीची नोंद दहा वर्षे राहू शकते. पण जुनी नोंद जागेवर असली तरी तिच्यानंतरच्या चांगल्या महिन्यांची ओळ लांबत जाते, आणि वाचणारा शेवटची पाने आधी वाचतो. त्या काळात दहा बँकांकडे अर्ज करीत फिरू नये. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि गरजवंताची घाई दिसून येते. स्वतःची नोंद स्वतः पाहिल्याने मात्र काही कमी होत नाही. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. तो मागवावा. त्यात चूक असेल, फेडलेले कर्ज थकलेले दिसत असेल, तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ पासून लागू झाला आहे.

'तुमचा सिबिल आकडा आठ दिवसांत सुधारून देतो' असे सांगून पैसे घेणारे लोक भेटतील. चुकीची नोंद आपण स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकतो, आणि खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही. मग या गृहस्थांना पैसे कशाबद्दल द्यावयाचे?

जाता जाता आपल्या भागापुरती एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे मेव्हण्याला, चुलतभावाला, कामावरच्या सोबत्याला जामीन राहण्याची रीत आहे. नाही म्हणावयास जीभ रेटत नाही. पण जामिनाची सही ही कर्जाचीच सही होय. त्याचा हप्ता थकला की डाग आपल्या चोपडीतही उमटतो. जो मनुष्य स्वतःची पत नव्याने उभारीत आहे, त्याने निदान तेवढी वर्षे हात जोडून नकार द्यावा. त्यात भाऊबंदकी दुखावत असेल. पण दोन घरे बुडण्यापेक्षा ते बरे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कार्डावाचून माणूस मरत नाही, हे खरे. परंतु मुलीचे शिक्षण, म्हातारपणातले इस्पितळ, पेरणीचा हंगाम हे वाट पाहत नाहीत. ज्याला बँकेचे दार बंद आहे तो विनापरवाना सावकाराच्या दारात जातो, नाही तर हातातल्या फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपच्या. २०१४ च्या कायद्याने महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. पण अडलेला माणूस कायद्याचे पुस्तक उघडून पाहत नाही. पत गमावलेल्याला पैसा सर्वांत महाग मिळतो, आणि महाग पैसा त्याला पुन्हा खाली ओढतो. हे चक्र तोडावयाचे, म्हणून हा खटाटोप.

जुन्या व्यापाऱ्याने दिवा लावला तो हिशेबाची वेळ आली हे साऱ्यांना कळावे म्हणून. आपणही, प्रसंग आलाच, तर लपून न बसता बँकेत जाऊन बसावे, घरात बायकोमुलांना खरी स्थिती सांगावी, कागद गोळा करावेत, आणि मग महिन्यामागून महिना तीन हजारांचे बिल वीस तारखेला भरीत राहावे. काम कंटाळवाणे आहे, त्यात शौर्य दिसत नाही. पण गेलेली पत याच वाटेने परत येते.