मिलिमीटरभर कृमी आणि आजीची गोळी

आजी नावं विसरायला लागली की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो : अमुक झाडाच्या पानात अल्झायमरवर औषध सापडलं, लॅबमध्ये सिद्ध! लॅबमध्ये म्हणजे कुणावर, हे त्यात नसतं. अनेकदा ते असतं एका मिलिमीटरभर कृमीवर.

त्याचं नाव सी. एलिगन्स. पारदर्शक, बॅक्टेरिया खाणारा, दोन-तीन आठवडे जगणारा. प्रौढ उभयलिंगी कृमीत चेतापेशी मोजून 302. याला संशोधनात आणणाऱ्या सिडनी ब्रेनर यांना 2002 मध्ये नोबेल मिळालं. 1995 मध्ये ख्रिस्तोफर लिंक यांनी या कृमीच्या स्नायूंत माणसाचं अमायलॉइड बीटा तयार होईल अशी जनुकीय सोय केली. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचतं तेच हे प्रथिन. कृमीत ते साचलं की तो लुळा पडतो.

टेस्ट एकदम साधी. प्लॅटिनमच्या तारेने हळूच टोचायचं. डोकं हलतं पण धड हलत नाही, तो लुळा. बिचारा डोकं पोचेल तेवढेच बॅक्टेरिया खातो, म्हणून प्लेटवर त्याच्या डोक्याभोवती स्वच्छ गोल दिसतो! वनस्पतीचा अर्क दिलेले कृमी उशिरा लुळे पडले, तर अर्काने संरक्षण दिलं असं म्हणतात.

गिंको या मूळच्या चिनी झाडाचंच बघा. त्याच्या पानांच्या ईजीबी 761 या अर्काने कृमींचा लुळेपणा लांबला, असा पेपर 2006 मध्ये आला. तोच अर्क माणसांवर तपासणारी मोठी चाचणी अमेरिकेत आधीपासून सुरू होती. 75 आणि त्यापुढच्या वयाचे 3069 जण, रोज दोनदा 120 मिलिग्रॅम, साधारण सहा वर्षं. 2008 मध्ये निकाल लागला : गिंको घेणाऱ्या 1545 पैकी 277 जणांना डिमेन्शिया झाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या 1524 पैकी 246 जणांना. म्हणजे फायदा शून्य.

मग कृमी खोटा बोलला का? नाही हो. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. त्याचं अमायलॉइड स्नायूंत, आपलं मेंदूत. आपल्या रक्तातून मेंदूत शिरायला औषधाला एक कडक चेकपोस्ट ओलांडावं लागतं, कृमीत ते तसं नाहीच. शिवाय अर्काने प्लेटवरचे बॅक्टेरियाच मेले, तर कृमी कमी खातो, आणि नुसतं कमी खाल्ल्यानेही तो जास्त जगतो! चांगल्या लॅब म्हणूनच बॅक्टेरिया आधी मारून प्रयोग पुन्हा करतात. स्वस्तात, झटपट शेकडो अर्क चाळायला या कृमीसारखी चाळणी नाही. पण चाळणीतून पडलं ते सगळं पीठच असतं असं नाही.

आणि हो, आजीला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर गिंकोची बाटली ऑनलाइन मागवण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.