सोमवारची कसोटी

ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवाबद्दल आपल्याकडे जे छापून येतं, ते बहुतेक रंगमंचाविषयी असतं. कोण गायलं, गर्दी किती झाली, पाऊस किती कोसळला. मला या महोत्सवाचा सगळ्यांत महत्त्वाचा दिवस वाटतो तो सोमवार. त्या दिवशी एकही वाद्य वाजत नाही. सुमारे दोन लाख माणसं तंबू उतरवतात, बोजे पाठीवर घेतात, कुरणात लावलेली आपली गाडी शोधतात आणि घरची वाट धरतात. मित्रांबरोबर कॅम्पिंगला जाणं म्हणजे नेमकं काय, हे त्या दिवशी कळतं. आपण जमिनीला काय परत दिलं आणि सोबतच्यांना सुखरूप घरी नेलं की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरं सोमवारी मिळतात.

मुळात ही जागा म्हणजे एक गोठा आणि त्याभोवतीची कुरणं. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या पिल्टन गावी वर्दी फार्म नावाची दुग्धशाळा आहे. तिचे मालक मायकेल ईव्हिस यांनी १९ सप्टेंबर १९७० रोजी तिथे पहिला जलसा भरवला. आदल्याच दिवशी जिमी हेंड्रिक्सचं लंडनमध्ये निधन झालं होतं. प्रवेशमूल्य एक पौंड, वर गोठ्यातलं दूध फुकट. दीडेक हजार माणसं आली. पुढच्या वर्षी जलसा जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमाराला घेतला गेला. विन्स्टन चर्चिल यांची नात अराबेला चर्चिल आणि अँड्र्यू केर यांनी त्यात पुढाकार घेतला, आणि आज जगभर ओळखला जाणारा पिरॅमिडच्या आकाराचा रंगमंच तेव्हाच पहिल्यांदा उभा राहिला. नंतरच्या अर्धशतकात दीड हजारांचे दोन लाख झाले, हजार एकरांहून मोठा परिसर व्यापला गेला, भोवती उंच कुंपण आलं. पण गाई तिथेच राहिल्या. महोत्सव संपला की त्याच कुरणात त्या पुन्हा चरायला येतात, आणि मधूनमधून एखादं वर्ष महोत्सवच होत नाही, जमीन विसावते. २००६, २०१२ आणि २०१८ ही अशी विसाव्याची वर्षं होती.

दारं बुधवारी उघडतात, मोठ्या रंगमंचांवरचे कार्यक्रम शुक्रवारी सुरू होतात. मधला वेळ वस्ती बसवण्यात जातो. जाणती मंडळी उतारावरची जागा धरतात, कारण इथली माती चिकण आहे. सखल भागात पाणी साचलं की मुरत नाही. १९९७ आणि २०१६ ही वर्षं तर चिखलासाठीच लोकांच्या लक्षात राहिली आहेत. मित्रांचे तंबू गोलात लावायचे, दारं आतल्या बाजूला ठेवायची, मध्ये बसायला अंगण सोडायचं. विलायतेत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या अंगणात चिवड्याचा आणि शंकरपाळ्यांचा डबा असतो. शेजारच्या तंबूतली अनोळखी पोरं पहिल्या संध्याकाळी एक मूठ घेतात आणि दुसऱ्या सकाळी चहा घेऊन येतात.

एवढ्या माणसांचं मलमूत्र कुठे जातं, हा प्रश्न इथे अगदी खराखुरा आहे. परिसराजवळून व्हाइटलेक नावाची छोटी नदी वाहते. २०१४ साली सांडपाण्याची गळती होऊन तिच्यातले मासे मेले, आणि त्याबद्दल आयोजकांना न्यायालयात दंड भरावा लागला. २०१९ साली बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी महोत्सवापूर्वी, महोत्सवात आणि नंतर या नदीच्या पाण्याचे नमुने घेतले. परिसराच्या खालच्या अंगाला कोकेन आणि एमडीएमए या अमली पदार्थांचे अंश वाढलेले आढळले. कोकेनचं प्रमाण तर दुर्मिळ होत चाललेल्या युरोपीय ईल माशाच्या जीवनचक्राला अपाय करू शकेल इतकं होतं. हे अंश नदीत उतरतात ते मुख्यतः उघड्यावर लघवी केल्यामुळे. म्हणून संडासाच्या रांगेत उभं राहण्याचा कंटाळा न करणं हीदेखील तिथे निसर्गरक्षणाची कृती ठरते. त्याच वर्षीपासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक बाटल्यांची विक्रीही बंद झाली. आपली बाटली न्यायची आणि नळावर भरायची.

तंबूंची गोष्ट अधिक बोलकी आहे. ब्रिटनमधल्या स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला की देशभरच्या महोत्सवांत वर्षाला अडीच लाख तंबू टाकून दिले जातात. सरासरी तंबू साडेतीन किलोचा आणि बहुतांश प्लॅस्टिकचा. ‘कोणीतरी गरजूंना देईल’ अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात फाटके, ओले, चिखलाने माखलेले तंबू बव्हंशी कचऱ्यात जातात. त्याच २०१९ साली ग्लास्टनबरीच्या आयोजकांनी मात्र जाहीर केलं की ९९.३ टक्के तंबू लोकांनी परत नेले. हे प्रत्येक गटाने सोमवारी सकाळी केलेल्या कष्टांचं फळ आहे.

ते कष्ट जवळून पाहावेत. वाळलेल्या चिकणमातीत मेख अशी घट्ट बसते की हाताने निघत नाही; दुसरी मेख तिच्या आकड्यात अडकवून, ठोकल्याच्या कोनातच ओढावी लागते. निघाली की मातीचं ढेकूळ पुसून पिशवीत टाकायची आणि मेखा मोजायच्या. मोजायच्या अशासाठी, की गवतात राहिलेला धातूचा तुकडा चरणाऱ्या गाईच्या पोटात जाऊ शकतो. रात्रभर जागून डोळे चुरचुरत असताना, अंग दुखत असताना, गुडघ्यांवर बसून शेवटची मेख शोधणारा मित्र मला कोणत्याही गायकाइतकाच आदरणीय वाटतो.

त्यानंतरचा टप्पा सगळ्यांत धोक्याचा, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. तो म्हणजे परतीचं ड्रायव्हिंग. जूनअखेरीस तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे पाचच्या आधी उगवतो. ऊन पडलं की तंबूत उकडायला लागतं. उशिरा झोपलेल्यालाही सकाळी बाहेर यावंच लागतं. असे चार-पाच दिवस गेले की झोपेची मोठी उधारी साचते. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्याइतकी घसरते. चोवीस तास जागल्यावर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. इंग्लंडमध्ये वाहनचालकाची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के, भारतात ०.०३. म्हणजे दारूचा थेंबही न घेता, नुसत्या जागरणाने, चालक ही मर्यादा ओलांडल्यासारखा होतो.

मोटरवेवर ताशी सत्तर मैलांची मुभा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला एकतीस मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर सव्वाशे मीटर अंतर कोणाच्याही ताब्याशिवाय कापलं जातं. दिवसाचीही वेळ महत्त्वाची. मध्यरात्री दोन ते सकाळी सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपसूक झोपेकडे झुकतं. शेवटचं गाणं संपताच रात्रीच निघणारे पहिल्या कचाट्यात सापडतात. सकाळी उशिरा निघून, गाडीतळावरच्या रांगेत तासन्‌तास अडकून, दुपारी हमरस्त्याला लागणारे दुसऱ्या.

यावर उपाय साधे आहेत. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटं थांबण्याची सूचना आहे. झोप येऊ लागली तर सुरक्षित जागी थांबून दोन कप कॉफी घ्यावी आणि किमान पंधरा मिनिटं डोळे मिटावेत, असंही त्यात सांगितलं आहे. कॉफीचा असर होईपर्यंत झोप पूर्ण होते. खिडकी उघडणं, मोठ्याने गाणी लावणं यांनी झोप टळत नाही. आमच्या गटाचा नियम आहे की गाडी चालवणाऱ्याने रविवारी रात्री दारू घ्यायची नाही आणि सगळ्यांच्या आधी झोपायचं. त्याचा तंबू बाकीच्यांनी उतरवायचा. आणि वाटेत शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने जागं राहायचं.

हे सगळं इथे लिहिण्याचं कारण म्हणजे महाराष्ट्रातही आता तंबूंचे उन्हाळे वाढले आहेत. पवना धरणाच्या काठी शनिवारी तंबूंच्या रांगा लागतात. मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. झाडांखाली अंधार आणि शांतता हवी असते तिथे हेडलाइट आणि स्पीकर पोहोचतात. रात्रभर जागलेली मंडळी पहाटे घाट उतरायला निघतात. आपल्याकडे जमावाने चालण्याची, मुक्काम करण्याची आणि मुक्काम उठवण्याची परंपरा जुनी आहे; या नव्या हौसेला तेवढीच शिस्त लावणं आपल्याला अवघड जाऊ नये. पुढच्या सहलीचं नियोजन करताना गाणी, जेवण, जागा यांच्या यादीत आणखी दोन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात: कचरा कोण परत आणणार, आणि चालक कधी झोपणार. या दोन्हींची नावनिशीवार उत्तरं मिळाली, तरच निघावं.