निवृत्त डेस्कटॉपची दुसरी नोकरी

बँका, विमा कंपन्या, आयटीवाले ठरावीक वर्षांनी आपले संगणक बदलतात. उतरवलेले काळे डबे गठ्ठ्याने विकले जातात, कुणीतरी ते पुसून, तपासून, नवी डिस्क घालून पुन्हा बाजारात आणतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये 'रिफर्बिश्ड' म्हणून मांडलेले असतात ते हेच. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे कॉम्पॅक, लेनोव्होचे थिंकसेंटर. त्यांच्या पोटात हमखास सापडणारा एक प्रोसेसर म्हणजे इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ३४७०. जन्म २०१२चा, चार कोअर, वेग ३.२ गिगाहर्ट्झ. पहिल्या नोकरीत यानं एक्सेल आणि ईमेल सांभाळले. दुसऱ्या नोकरीत त्याच्याकडे कीर्तनाचं रेकॉर्डिंग, हौशी संस्थेची एकांकिका, शिक्षकानं यूट्यूबसाठी केलेला धडा अशी कामं येतात. आणि प्रत्येक जण आधी एकच प्रश्न विचारतो, 'यावर एडिटिंग होईल का?'

होतं. फक्त यंत्राच्या कलानं घ्यावं लागतं.

आवाजाच्या कामात तर त्याला घामही फुटत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा चांगल्या प्रतीचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण एक जीबी भरतं, म्हणजे सेकंदाला ०.३ एमबीसुद्धा नाही. जुन्यातली जुनी हार्ड डिस्कही एवढं सहज पुरवते. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम २००० साली लोकांपुढे आला, तेव्हाचे संगणक याच्या पासंगालाही पुरत नव्हते. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. मदरबोर्डवरच्या माइकच्या भोकात केबल खोचली की आवाजामागे बारीक खरखर येते. साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावला तर ती जाते. दुसरी गोष्ट पंख्याची. टेबलावरचा डबा घरघरत असेल तर ती घरघर माइकमध्ये उतरणारच. तेव्हा डबा टेबलाखाली लांब ठेवावा आणि बोलायच्या आधी काही सेकंद नुसती शांत खोली रेकॉर्ड करावी. ऑडॅसिटीतला नॉइज रिडक्शन हाच तुकडा नमुना म्हणून घेतो आणि तशी घरघर बाकीच्या आवाजातून उपसून काढतो.

खरी कसोटी व्हिडिओची. फुल एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हिशेब सेकंदाला १५५ एमबीवर जातो. मोबाइल तेच चित्र दोन-अडीच एमबीत बसवतो. हे जमतं, कारण एच.२६४ पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण असते, बाकीच्यांत फक्त 'आधीच्यापेक्षा काय बदललं' याची नोंद. सरळ बघायला हे उत्तम. पण संकलक सरळ बघत नाही. तो मागे जातो, पुढे जातो, मधल्याच एका फ्रेमवर थांबतो. त्या एका फ्रेमसाठी प्रोसेसरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासूनचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. टाइमलाइन अडखळते ती यामुळे. त्यात नव्या मोबाइलचं ४के चित्र असेल तर ठिपके चौपट. ते बहुधा एचईव्हीसी या पद्धतीत येतं. ही पद्धत २०१३ची, आणि ती उलगडायची सोय ३४७०च्या चिपमध्ये मुळातच नाही. सगळा भार चार कोअरवर पडतो आणि पंखा जोरात फिरू लागतो.

यावरचा तोडगा संगणकाच्याही आधीचा आहे. फिल्मच्या काळात मूळ निगेटिव्हला संकलक हात लावत नसे. कापाकापी रश प्रिंटवर चाले, आणि सगळं ठरल्यावर त्याबरहुकूम निगेटिव्ह कापली जाई. आजची प्रॉक्सी हेच करते. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रॉक्सी चालू केली की मूळ फाइलची कमी ठिपक्यांची, उलगडायला सोपी अशी प्रत तयार होते. काटछाट त्या प्रतीवर करायची. शेवटी एक्स्पोर्ट करताना प्रोग्रॅम मूळ फाइल उचलतो. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो, तेवढ्यात जेवण उरकून घ्यावं.

मोठमोठ्यांनीही हेच केलं. 'कोल्ड माउंटन' हा २००३चा हॉलिवूडपट वॉल्टर मर्च यांनी अ‍ॅपलच्या पॉवर मॅक जी-फोर डेस्कटॉपवर, फायनल कट प्रोमध्ये संकलित केला. त्या यंत्रात दोन जीबीहून जास्त रॅम बसत नसे. काम अर्थातच फिल्मच्या हलक्या डिजिटल प्रतीवर झालं. संकलनासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. आपला ३४७० बत्तीस जीबीपर्यंत रॅम घेतो.

मोबाइलच्या चित्रणात आणखी एक खोड असते. उजेड कमी-जास्त झाला की मोबाइल फ्रेमचा वेगही कमी-जास्त करतो. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज सुरुवातीला ओठांशी अगदी जुळतो आणि वीस मिनिटांनी मागे-पुढे सरकतो. दोष यंत्राला दिला जातो, पण तो फाइलचा असतो. शॉटकट आणि केडेनलाइव्ह दोघंही अशी फाइल ओळखून ती एका ठरावीक वेगात बदलून घ्यायला सुचवतात. ते ऐकावं. आणि चित्रण सुरू होताच कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. टाइमलाइनवर आवाजाच्या नक्षीत ती टाळी सुळक्यासारखी वर येते, हात मिळाल्याची फ्रेम तिच्याखाली सरकवली की जुळणी झाली.

असा डबा घरी आणलात तर आधी त्याचं झाकण उघडा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा जमलेला असतो. तो रंगाच्या ब्रशनं काढा, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी असते. ती संपलेली असेल तर घड्याळ दर वेळी मागे जातं आणि फाइलींवर भलत्याच सालाच्या तारखा पडतात. मग कालचं चित्रण कोणतं आणि परवाचं कोणतं, हे शोधत बसावं लागतं. ती बदला. त्यानंतर एसएसडी घाला. साटा जोडणीवरची एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, फिरती डिस्क साधारण १५०च्या आत. रॅम १६ जीबी करा. जुनी फिरती डिस्क फेकू नका, मूळ चित्रणाच्या दुसऱ्या प्रतीसाठी ती ठीक आहे. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र जपून. ऑफिसच्या छोट्या डब्यांत पॉवर सप्लाय बेताचा असतो आणि कार्डाला द्यायची जादा वायर बहुतेकदा नसतेच. मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं, बुटकं कार्डच तिथे बसतं.

सध्या हे डबे बाजारात भरपूर येतात, त्याला एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चालत नाही. चालू यंत्रं एका तारखेत निकालात निघाली. वर सांगितलेले तिन्ही मोफत प्रोग्रॅम लिनक्सवरही चालतात, त्यामुळे संकलनापुरता हा अडसर नाही.

हट्ट कुठे करू नये, तेही सांगायला हवं. दाविंची रिझॉल्व्हसारख्या भारी प्रोग्रॅमला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं, ते या डब्यात शोभत नाही. चार-चार कॅमेऱ्यांचं ४के लग्न उद्या द्यायचं असेल तर नवं यंत्रच हवं, कारण तिथे वेळेचे पैसे असतात. पण मुलाखत, व्याख्यान, कीर्तन, पॉडकास्ट, अर्ध्या तासाचा माहितीपट यांना तेरा-चौदा वर्षांचा हा डबा पुरून उरतो. कोणतं वाक्य ठेवायचं आणि कोणतं कापायचं, हे प्रोसेसर ठरवत नाही. तेव्हा हाताशी जुना डेस्कटॉप असेल तर आधी एसएसडी, रॅम आणि एका चांगल्या हेडफोनवर खर्च करा. नव्याचा विचार त्यानंतर.