गाऱ्हाण्याचा जमाखर्च

दारातील कचरा ठरल्या दिवशी उचलला जात नाही, अर्जाला महिनोन् महिने उत्तर येत नाही, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवले जाते. ही दुःखे लहान असतात. त्यांसाठी कोणी न्यायालयाची पायरी चढत नाही, कारण वकिलाची फी मूळ नुकसानीपेक्षा अधिक होते. न्यायालयात न मावणाऱ्या आणि मनात न जिरणाऱ्या अशा गाऱ्हाण्यांसाठी अनेक लोकशाही देशांनी एक स्वतंत्र पद निर्माण केले आहे. त्याचे नाव ओम्बड्समन.

हा शब्द स्वीडनचा आणि त्याचा अर्थ प्रतिनिधी. १८०९ च्या स्वीडिश राज्यघटनेने या पदाला स्थान दिले. भारतात त्यासाठी ‘लोकपाल’ हा शब्द १९६३ साली योजला तो तेव्हाचे लोकसभा सदस्य डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी. विधिज्ञ आणि जैन विचाराचे अभ्यासक म्हणून ख्यात असलेले सिंघवी पुढे १९९१ ते १९९७ या काळात ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. त्याच ब्रिटनमधील इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारींची जी व्यवस्था उभी आहे, ती हिशेबात मुरलेल्या व्यापारी मनाला सहज पटावी अशी आहे.

ब्रिटनने १९६७ साली केंद्रीय खात्यांसाठी असे पद निर्माण केले आणि १९७४ च्या स्थानिक शासन कायद्याने ते इंग्लंडमधील कौन्सिलांसाठीही आणले. प्रौढांच्या सेवाशुश्रूषेच्या तक्रारीही कालांतराने या कार्यालयाकडे आल्या. २०१७ पासून त्याचे नाव ‘स्थानिक शासन व सामाजिक सेवा ओम्बड्समन’ असे आहे. आरंभी नागरिकाला आपली तक्रार नगरसेवकामार्फतच पाठवावी लागे. १९८८ च्या कायद्याने ही अट गेली आणि दार थेट उघडले. या सेवेला शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

मात्र दार उघडे असले तरी पहिली पायरी दुसरीकडे असते. तक्रार आधी त्या कौन्सिलकडेच करावी लागते. कौन्सिलला उत्तर देण्यास वाजवी अवधी मिळाला पाहिजे. साधारणपणे बारा आठवड्यांपर्यंतचा काळ पुरेसा मानला जातो. ज्याच्या हातून चूक झाली, त्याला ती स्वतः सुधारण्याची संधी प्रथम मिळावी, हा यामागील विचार. दुसरी मर्यादा काळाची. झालेली गोष्ट तक्रारदाराला कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत ओम्बड्समनकडे जावे लागते. सबळ कारण असेल, तरच उशीर माफ होतो.

त्यानंतर तक्रार आपल्या अधिकारात बसते की नाही, हे तपासले जाते. बांधकामाची परवानगी नाकारली गेली असेल, तर त्यासाठी अपिलाची वेगळी यंत्रणा आहे. वाहन उभे करण्याच्या दंडासाठी न्यायाधिकरण आहे. जिथे अशी दुसरी वाट उपलब्ध आहे, तिथे ओम्बड्समन सहसा हात घालत नाही. कौन्सिलशी केलेला व्यापारी करार, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि बडतर्फी हे विषयही कक्षेबाहेर आहेत. आणखी एक अपवाद विचार करण्याजोगा आहे. जी गोष्ट त्या भागातील सर्व किंवा बहुतेक रहिवाशांना सारखीच लागू होते, तिची चौकशी होत नाही. कौन्सिलने कराचा दर वाढवला, हे गाऱ्हाणे मतपेटीकडे न्यायचे. पण एका घराची कराची नोंद वारंवार चुकत राहिली आणि पत्रांना उत्तर मिळाले नाही, तर त्या हलगर्जीपणाचे गाऱ्हाणे ओम्बड्समनकडे नेता येते.

चौकशी सुरू झाली की ती दोनच प्रश्नांभोवती फिरते. कौन्सिलच्या कारभारात दोष होता काय? आणि त्या दोषामुळे या माणसाचे काही नुकसान झाले काय? दिरंगाई, दुर्लक्ष, पक्षपात, मनमानी, आपलेच नियम न पाळणे, चुकीची माहिती देणे, हे सारे दोषात मोडते. मात्र सर्व कागद पाहून, नियम पाळून, कारणे देऊन घेतलेला निर्णय केवळ नावडता आहे म्हणून फिरवला जात नाही. ओम्बड्समन निर्णय घेण्याची रीत तपासतो. कौन्सिलच्या खुर्चीवर बसून नवा निर्णय देत नाही. अनेक तक्रारदारांची निराशा होते ती इथेच.

दुसऱ्या प्रश्नाचेही तितकेच महत्त्व आहे. एक उदाहरण घेऊ. एखाद्या गावात अंगाने अधू असलेल्या वृद्ध आजी एकट्या राहतात आणि त्यांच्या कचऱ्याचा डबा कर्मचाऱ्यांनी दारातून न्यावा, अशी सोय कौन्सिलने मंजूर केली आहे. एखादा दिवस चुकला तर चौकशी होणार नाही, कारण नुकसान किरकोळ आहे. पण महिनोन् महिने डबा दारातच राहिला, प्रत्येक वेळी ‘पुन्हा असे होणार नाही’ असे आश्वासन मिळाले आणि पुन्हा तेच घडले, तर दोषही दिसतो आणि नुकसानही.

चौकशी खाजगीत चालते. कागदपत्रे मागवण्याच्या आणि साक्षीसाठी बोलावण्याच्या बाबतीत ओम्बड्समनला उच्च न्यायालयासारखे अधिकार आहेत. निर्णयाचा मसुदा दोन्ही बाजूंना दाखवला जातो आणि त्यांचे म्हणणे ऐकून अंतिम निर्णय होतो. दोष ठरलाच, तर उपाय सुचवताना कसोटी एक असते: दोष घडला नसता तर हा माणूस जिथे असता, तिथे त्याला शक्य तितके परत नेणे. म्हणून उपाय क्षमापत्राचा असू शकतो, चुकीने घेतलेली रक्कम परत करण्याचा असू शकतो, अर्जाचा नव्याने विचार करण्याचा असू शकतो. मनस्तापासाठी मिळते ती रक्कम बहुधा लहान आणि प्रतीकात्मक असते. इतरांवर तीच वेळ येऊ नये म्हणून कार्यपद्धती बदलण्यासही सांगितले जाते. आजींच्या बाबतीत, पुढील काही आठवडे प्रत्येक फेरीवर देखरेख ठेवणे हा पैशापेक्षा मोलाचा उपाय ठरतो.

या शिफारशी कायद्याने बंधनकारक नाहीत. तरीही अलीकडच्या वर्षांत त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक शिफारशी कौन्सिलांनी पाळल्याचे या कार्यालयाच्या वार्षिक आकडेवारीत दिसते. याचे कारण उजेडात आहे. निर्णय सहसा प्रसिद्ध होतात. त्यांत तक्रारदाराचे नाव नसते, कौन्सिलचे असते. गंभीर प्रकरणात जाहीर अहवाल निघतो, त्याची सूचना वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि अहवाल लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवावा लागतो. कौन्सिल अडून राहिली, तर तिच्याच खर्चाने वृत्तपत्रात निवेदन छापण्यास लावण्याची तरतूद आहे. बाजारात पत गेली की दुकान चालत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. सार्वजनिक संस्थेलाही आपली पत असते.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. राज्याचा लोक आयुक्त व उप-लोक आयुक्त कायदा १९७१ चा असून १९७२ साली लोक आयुक्तांचे कार्यालय सुरू झाले. ही संस्था प्रत्यक्षात आणणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. त्या कायद्याने भ्रष्टाचारासारखे आरोप आणि गैरकारभारातून झालेले गाऱ्हाणे यांत भेद केला आणि गाऱ्हाण्यासाठी बारा महिन्यांचीच मुदत घातली. पुढे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत न मिळाल्यास अपिलाची वाट दिली.

इंग्लंड असो वा महाराष्ट्र, गाऱ्हाण्याचे बळ आवाजात नसते, नोंदीत असते. अर्ज कोणत्या दिवशी दिला, पोच कोणाची आहे, कोणत्या अधिकाऱ्याने काय सांगितले, उत्तर कधी आले आणि त्या विलंबाने नेमके काय गमावले, हे तारखेनिशी मांडणारे दोन पानांचे पत्र वीस पानांच्या संतापापेक्षा दूर जाते. शेवटी ‘मला काय हवे आहे’ हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. देणेदाराला आकडा न सांगता वसुली होत नाही. आणि जे सिद्ध करता येणार नाही, ते लिहू नये. एक अतिशयोक्ती दहा खऱ्या नोंदींवरचा विश्वास उडवते.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्द लिहिली गेली, त्यांना ही शिस्त परकी नाही. एरवी आण्यापैचा हिशेब चोख ठेवणारी माणसे नगरपालिकेशी झालेला व्यवहार मात्र तोंडी ठेवतात आणि मग आपले कोणी ऐकत नाही म्हणून हळहळतात. त्या व्यवहारालाही वहीत एक पान मिळाले पाहिजे.