फ्लेक्सवरच्या अक्षराची पीएच.डी.

कळंबच्या रस्त्यावर बैलगाडा शर्यतीचा फ्लेक्स वाचताना पीएच.डी. कुणाच्या डोक्यात येईल? पण चित्रकला आणि संगणक एकत्र आणणारं आपल्याकडचं सर्वांत उपयोगी संशोधन शोधायचं, तर ते अक्षरातच सापडतं.

मुंबईच्या आयआयटीत 1969 साली औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजे आयडीसी, सुरू झालं. जाहिरात क्षेत्र सोडून कवी-सुलेखनकार र. कृ. जोशी 1983च्या सुमारास तिथे शिकवायला गेले. बोरू हाती असलेल्या या माणसानं प्रोग्रामरांच्या शेजारी बसून भारतीय लिप्यांची अक्षरं संगणकावर रेखण्यासाठी ‘विन्यास’ हे सॉफ्टवेअर घडवायला हातभार लावला. मला या सगळ्यात हाच टप्पा मोठा वाटतो. टाइपरायटरनं देवनागरीची पार मोडतोड केली होती. मोजक्या कळांत बसेल तेवढीच लिपी. भारतीय लिप्यांसाठीच्या 1991च्या ‘इस्की’ प्रमाणानं संगणकात वर्ण साठवायचा, त्याचा आकार मात्र फॉन्टनं ठरवायचा, अशी वाटणी पक्की केली. म्हणजे जोडाक्षर कसं वळावं, हा नियम लिहायला अक्षराची नजर लागणारच. जोशींचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज 2000सोबत घरोघरी पोचला. छापील पानावर तो काही देखणा दिसत नाही, पण पडद्यावर बारीक आकारातही वाचता येतो.

पुढची पायरी गिरीश दळवींची. त्यांनी आयडीसीतच देवनागरी टाइपफेसच्या संकल्पनात्मक आराखड्यावर पीएच.डी. केली. जाडी, वळण, शिरोरेघेखालची उंची हे सुलेखनकाराला हातानं कळतं. ते शब्दांत आणि मापांत मांडायचं काम अभ्यासकाचं. दळवी ज्या ‘एक टाइप’ गटात आहेत, त्याचे ‘मुक्ता’, ‘बलू’ हे फॉन्ट आज कुणालाही फुकट मिळतात. गुटगुटीत ‘बलू’ तर बोर्डांसाठीच जन्मल्यासारखा!

एवढं होऊनही मराठीचा खरा कस लागतो तो ‘ऱ्य’पाशी. जुन्नरच्या दऱ्या लिहायला जावं आणि रफार वर चढला, की सह्याद्रीत दर्या अवतरतो. युनिकोडमध्ये याची सोय आहे, पण बऱ्याच फ्लेक्सवाल्यांकडे अजून जुन्या सांकेतिक पद्धतीचे फॉन्ट आहेत. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढायचा, मग एकेक ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासायचा. त्यात ‘मोऱ्यांचा’ ‘मोर्यांचा’ झाला, तर गिऱ्हाईक बोर्ड परत आणून आपटतं.