बावखल जिवंत, तर घर निरोगी

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गिरीज, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल या गावांत ज्येष्ठांना ‘बावखल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वाडीच्या कडेला खोदलेले, पावसाच्या गोड पाण्याने भरणारे हे तळे. त्याच्या काठी रहाट फिरे आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजीपाला व फुलझाडे पोसली जात. समुद्र जवळ असल्याने या पट्ट्यात जमिनीखालच्या गोड्या पाण्याला खाऱ्या पाण्याचा शेजार असतो. पावसाळ्यात बावखलात साठलेले पाणी हळूहळू मुरते, आसपासच्या विहिरींना ओल पुरवते आणि खारटपणाला दूर ठेवण्यास मदत करते.

रहाट गेले, पंप आले, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या आणि अनेक बावखले मातीने भरली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा पाणी सामावून घेणाऱ्या सखल जागांचे मोल पुन्हा ध्यानात आले. बावखल बुजवण्याच्या बाजूने घरोघरी एक युक्तिवाद मात्र हमखास ऐकू येतो : ‘डास होतात, घरात म्हातारी माणसे आहेत.’ या भीतीचा नीट विचार केला पाहिजे, कारण वृद्धांना डेंग्यू किंवा हिवताप झाला तर तो अधिक जड जाऊ शकतो.

डास कोठे वाढतात?

डेंग्यूचा डास प्रामुख्याने घरातील व अंगणातील लहान साठ्यांत अंडी घालतो : कुंडीखालची ताटली, उघडे पिंप, टाकून दिलेला टायर, करवंटी. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून ही भांडी घासून पुसणे आवश्यक ठरते. नुसते पाणी ओतून दिल्यास कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यातही वाढतो, हे खरे. परंतु जिवंत तळ्यात त्याच्या अळ्यांना शत्रू पुष्कळ असतात. चतुर आणि टाचणी या कीटकांची पिले पाण्यातच वाढतात व डासांच्या अळ्या खातात. पाणकिडे आणि लहान देशी मासेही त्यांच्यावर ताव मारतात. सांडपाणी, निर्माल्य आणि प्लॅस्टिक टाकून किंवा जलपर्णीने झाकून तळे गुदमरले, की हे राखणदार मरतात. सांडपाण्यावर पोसणारे डास मग तेथे निर्धास्त वाढतात. कीटकनाशक ओतल्यानेही अळ्यांबरोबर त्यांना खाणारे जीव नाहीसे होतात.

अंगणातील लहान तळे

ज्यांच्या वाडीत बावखल उरलेले नाही, त्यांना लहान तळे करता येते. दिवसातून काही तास ऊन मिळेल आणि पानगळ फारशी होणार नाही, अशी जागा निवडावी. मध्यभागी दीड ते दोन फूट खोली पुरते. एक बाजू उतरती ठेवावी, म्हणजे बेडकांना बाहेर येता येते व पक्ष्यांना पाणी पिता येते. पहिले भरण पावसाच्या पाण्याने करावे. नळाचे पाणी वापरल्यास एक-दोन दिवस उघडे ठेवून मग वनस्पती व मासे सोडावेत. पाण्यात कुमुद, काठाला वेखंड व नीरब्राह्मी लावावी. निम्मा पृष्ठभाग मोकळा राहू द्यावा. चतुर, बेडूक, खंड्या, ढोकरी यांना आमंत्रण लागत नाही.

मासे सोडायचेच असतील तर परिसरातील लहान देशी मासे थोडे सोडावेत. गप्पी आणि गम्बुशिया हे मासे परदेशी आहेत. बंदिस्त टाकीत त्यांचा उपयोग होतो. पण जुन्या बावखलात ते स्वतःहून सोडू नयेत. गम्बुशिया बेडकांची पिले व देशी माशांची अंडीही खातो.

आठवड्यातून एकदा काठाजवळचे थोडे पाणी पांढऱ्या वाडग्यात घेऊन पाहावे. वळवळणाऱ्या अळ्या सतत आढळल्या, तर कडेचे दाट गवत काढावे, कुजलेली पाने उचलावीत आणि पालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळवावे.

काळजीवाहकांसाठी

• तळ्याभोवती कमरेइतके कुंपण व कडी लागणारे फाटक असावे. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती नकळत तेथवर जाऊ शकते.
• वाट रुंद, खडबडीत व उजेडाची हवी; शेवाळ नियमित घासावे. बसण्यासाठी पाठ व हात असलेले बाक ठेवावे.
• पायाला जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. सफाई करणाऱ्याने गमबूट व हातमोजे वापरावेत, नंतर साबणाने हात-पाय धुवावेत. पाण्याशी संपर्क आल्यानंतर ताप व पोटऱ्यांत वेदना सुरू झाल्यास डॉक्टरांना तो संपर्क आवर्जून सांगावा.
• तळ्याचे पाणी पिण्यासाठी वापरू नये.

एवढी दक्षता घेतली, तर तळ्याकाठचे सकाळचे अर्धा तास बसणे ज्येष्ठांना पुष्कळ देते. कोवळे ऊन मिळते, तिथवरची चार पावले होतात आणि रोज पाहण्याजोगे काही नवे असते. त्याने औषधाची गोळी चुकवता येणार नाही. पण घराबाहेर पडण्याचे निमित्त मिळते, आणि खाटेला खिळत चाललेल्या माणसाला अशा निमित्ताचीच गरज असते.

बावखल राखायचे की बुजवायचे, हा निर्णय पुष्कळ घरांत सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे त्या ज्येष्ठांच्या स्वाक्षरीवर ठरतो. पाणी कोठून येत असे, गाळ कधी काढत, कोणत्या विहिरीला त्याची ओल पोहोचे, हेही त्यांनाच ठाऊक असते. येत्या पावसाळ्यापूर्वी नातवंडांना सोबत घेऊन त्यांनी ते लिहून ठेवावे. गाळ काढण्याचे काम तरुण हात करतील. कोठे खणायचे ते मात्र आजी-आजोबांनीच दाखवायला हवे.